तीस हजारांत गाडीतले संगीत

कोथरूडहून चाकणला रोज नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाला गाणे ऐकायला सलग वेळ मिळतो तो बहुधा गाडीतच. नाशिक फाटा ओलांडून भोसरी आणि मोशीच्या रांगेत गाडी अडकली की एखादा विलंबित ख्याल सहज पुरा होतो. माझ्याकडे आलेली मारुती स्विफ्ट २०१४ सालची, सेकंड हँड आणि एलएक्सआय म्हणजे खालच्या श्रेणीची होती. डॅशबोर्डवर टेपच्या जागी प्लास्टिकचे झाकण होते आणि दारांच्या जाळ्यांमागे स्पीकर नव्हते. एका अर्थी ते बरेच झाले, कारण आधीचे काही काढून टाकण्याची हळहळ नव्हती आणि सगळे पहिल्यापासून ठरवता येणार होते. फिटिंगसह तीस हजार रुपये, त्यावर एक पैसा नाही, अशी मर्यादा मी घरात जाहीर करून टाकली. अपेक्षा तीनच होत्या: मला शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत नीट ऐकू यावे, फोनला हात न लावता बोलता यावे, आणि माझे वडील आप्पा बरोबर असतील तेव्हा त्यांना आकाशवाणी लागावी.

पुण्यात गाडीच्या सामानाचा विषय निघाला की पावले आपसूक नाना पेठेकडे वळतात. तिथल्या अरुंद गल्ल्यांत गाडी उभी करायला जागा मिळणे हेच एक दिव्य असल्यामुळे मी पहिल्या फेरीला बसने गेलो आणि निवांत हिंडलो. बहुतेक दुकानांत पहिला प्रश्न एकच होता, "साहेब, बूम पाहिजे का क्लिअर?" यावर "गाणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटला पाहिजे" असे उत्तर दिल्यावर एका शेठजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग जे पॅकेज सगळ्यांना दाखवतात तेच मलाही दाखवले. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, पुढच्या दारांत गोल स्पीकर, मागच्या पार्सल ट्रेवर सहा बाय नऊचे ओव्हल, डिकीत खालच्या स्वरांसाठी बास ट्यूब, आणि वर रिव्हर्स कॅमेरा फुकट, असे सगळे मिळून अठ्ठावीस हजार. घासाघीस केली असती तर सव्वीसपर्यंत नक्की उतरले असते. पण तीस हजार रुपये पाच वस्तूंत वाटले तर कोणत्याच वस्तूच्या वाट्याला पुरेसे येत नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू चालकाच्या पाठीमागे वाजणार असतात. ऐकणारा मी पुढे, तोंड पुढे, आणि खर्च मात्र डिकीत, हे गणित मला पटेना.

त्यातून मग वॅटचा विषय आला. त्या ट्यूबच्या खोक्यावर ठळक अक्षरांत हजाराच्या घरातला आकडा होता आणि टेपच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे लिहिले होते. दुसरा आकडा खोटा नाही, पण तो कसा निघतो हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. स्पीकरचा रोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागले की ५१.८ येतात, आणि हेच ते खोक्यावरचे पन्नास वॅट. परंतु एवढी शक्ती मिळते ती आवाज पूर्ण फाटून लहरींचे माथे सपाट झाल्यावर. न फाटलेल्या शुद्ध लहरीसाठी हा आकडा बरोबर निम्मा होतो, आणि आतल्या सर्किटमधला थोडा दाब वजा जाता ऐकण्याजोगी शक्ती प्रत्येक स्पीकरला वीस वॅटच्या आसपास उरते. ज्याला गणित नको त्याने टेपच्या मागचा फ्यूज पाहावा. तो १० अँपिअरचा असेल तर संपूर्ण यंत्र दीडशे वॅटहून अधिक खेचूच शकत नाही, मग दोनशे वॅट बाहेर कुठून येणार? सीईए-२००६ नावाचे एक अमेरिकी मानक आहे; त्यानुसार १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, एक टक्क्याच्या आतील विकृतीत मोजलेले आरएमएस, म्हणजे आवाज न फाटता सलग मिळणारे, वॅट द्यावे लागतात. ज्या उत्पादनाच्या माहितीपत्रकात हा आरएमएस आकडाच नव्हता ते मी पुढे विचारात घेतले नाही, आणि त्या एका चाळणीत निम्मे दुकान गळून गेले.

वीस वॅट म्हणजे फारच थोडे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बंद गाडीत ते बऱ्यापैकी पुरतात, मात्र स्पीकर संवेदनक्षम हवा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो आकडा माहितीपत्रकात असतो, आणि त्यात तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्याइतका फरक. ८९ डेसिबलच्या स्पीकरला चाळीस वॅट देऊन जे मिळते ते ९२ डेसिबलच्या स्पीकरला वीस वॅटमध्ये मिळते. वेगळा ॲम्प घ्यायचा तर तो, त्याची जाड तांब्याची वायर, बॅटरीजवळचा फ्यूज आणि जोडणी धरून दहा-बारा हजारांचा खर्च सहज होता. तो टाळायचा असेल तर स्पीकर निवडतानाच हा आकडा पाहायला हवा होता. दुकानात मात्र संवेदनक्षमता विचारली की माणसे वॉरंटी सांगू लागत.

दुकानातल्या भिंतीवर ओळीने बसवलेले स्पीकर ऐकून निवड करणे मला सर्वांत फसवे वाटले. बटण दाबले की एक जोडी बंद होऊन दुसरी वाजते, आणि जी किंचित मोठ्याने वाजते तीच प्रत्येक वेळी चांगली वाटते. हा कानाचा दोष नाही, सगळ्यांचे असेच होते. शिवाय फळीवर बसवलेला स्पीकर आणि पोकळ पत्र्याच्या दारात बसवलेला स्पीकर यांचा खालचा पट्टा सारखा वाजत नाही. म्हणून मी पेन ड्राइव्हवर माझ्या सवयीची ध्वनिमुद्रणे घेऊन गेलो, दुकानदाराला आवाज दर जोडीला थोडा खालीवर करायला लावला आणि ठरावीक गोष्टींकडेच कान दिला. पहिली तपासणी तानपुऱ्याची. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. तो दारातल्या साडेसहा इंची स्पीकरच्या ताकदीच्या जवळजवळ तळाशी आहे. पण तानपुऱ्याच्या नादात मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वरांशांचाच भरणा जास्त, त्यामुळे जव्हारी, म्हणजे तारांचा झणझणता नाद, किती सुटी आणि किती अखंड ऐकू येते यावरून मधला आणि वरचा पट्टा बरोबर पारखता येतो. दुसरी तपासणी डग्ग्याची. तबलजीने मनगट सरकवून काढलेली घिस्स्याची मींड स्वर म्हणून चढताना ऐकू आली पाहिजे, नुसता धप्प असा ठोका नव्हे. तिसरी संवादिनी आणि गायक एकाच वेळी वरच्या सप्तकात असताना दोघे वेगळे राहतात का, ही.

या तिसऱ्या कसोटीने बरेच निकाल लागले. एका नामांकित कंपनीच्या स्वस्त कोॲक्सिअल जोडीत सुरुवातीला सगळे लखलखीत वाटत होते. पण तार षड्जावर संवादिनी आणि गळा एकत्र आले की त्यांचा एकच पत्रा वाजू लागे. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, ट्रेबल कमी करून देतो." केला, तर गायकाचे शब्दच गेले. कोॲक्सिअलमध्ये ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, मोठ्या स्पीकरच्या मधोमध असतो, म्हणजे गाडीत तो गुडघ्याच्या पातळीवर, दाराच्या तळाशी जातो. कंपोनंट जोडीत ट्विटर सुटा असल्याने तो आरशाजवळच्या त्रिकोणात किंवा काचेलगतच्या खांबावर लावता येतो आणि दोघांमधली स्वरांची वाटणी क्रॉसओव्हरची छोटी डबी करते. त्यामुळे गायक पेडलच्या आसपास बसलेला न वाटता डॅशबोर्डवर येतो. मागे कोॲक्सिअल बसवायला काहीच हरकत नाही, पण मी मागच्या स्पीकरांचा विचारच सोडून दिला. मागे बसणाऱ्यांना पुढचे ऐकू येतेच, आणि त्या जोडीचे तीन-चार हजार पुढे वापरता येत होते. हर्ट्झ, फोकल, मोरेल या कंपन्यांची नावे सगळे जण घेतात. त्यांची जोडी घेतली असती तर निम्मे अंदाजपत्रक तिथेच संपले असते. शेवटी जेबीएल, पायोनियर आणि इन्फिनिटी या तिघांच्या मधल्या श्रेणीतल्या जोड्या ऐकून त्यातली ९२ डेसिबलची एक सात हजारांत घेतली. कोणती ते मुद्दाम सांगत नाही, कारण ज्याला ठुमरीपेक्षा ढोल-ताशा जास्त ऐकायचा आहे त्याची निवड कदाचित वेगळी झाली असती.

टेपच्या बाबतीत माझे मत घरात फारसे कोणाला पटले नाही. स्वस्त अँड्रॉइड स्क्रीन दिसायला देखणी असते आणि नकाशा मोठा दिसतो, हे मान्य. पण एकदा चावी फिरवून ती सुरू व्हायला लागणारा वेळ मी दुकानात उभा राहून पाहिला, रात्री डोळ्यांवर येणारा तिचा उजेड पाहिला, आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये बास, मिडल, ट्रेबल यापलीकडे फारसे काही सापडेना. त्याच नऊ हजारांत नावाजलेल्या कंपनीचा साधा, छोट्या पडद्याचा रिसीव्हर मिळत होता. त्यात तेरा पट्ट्यांचा इक्वलायझर होता, स्पीकरला जाणारे खालचे स्वर छाटणारा हाय-पास फिल्टर होता, डाव्या-उजव्या स्पीकरचा वेळ जुळवण्याची सोय होती आणि पुढे ॲम्प लावायचा झाल्यास मागे प्रीआउटही होते. नकाशासाठी फोन आहेच. डॅशबोर्डवर त्याला एक होल्डर लावला की झाले. बोलण्यासाठीचा माइक मात्र सुटा, खांबावर लावायचा घ्यावा. टेपच्या तोंडातच बसवलेल्या माइकवर समोरच्याला आपल्यापेक्षा एसीचा वाराच जास्त ऐकू जातो.

आप्पांच्या रेडिओने निवड आणखी अरुंद केली. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि आप्पांच्या डोक्यात रेडिओ म्हणजे अजूनही ७९२ किलोहर्ट्झ. आजकाल स्वस्त यंत्रांत मध्यम लहरी म्हणजे एएम नसतेच, नुसते एफएम असते, आणि हे खोक्यावर कुठेही मोठ्याने लिहिलेले नसते. "एएम आहे का?" असे विचारल्यावर बहुतेकांनी "कोण ऐकतं आता?" असे उलट विचारले. मी घेतलेल्या रिसीव्हरमध्ये एएम आहे. विविध भारतीसाठी १०१ एफएमचे बटण तर आप्पांनी पहिल्याच दिवशी स्वतः लावून घेतले.

आता फिटिंग. तीस हजारांपैकी सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे कोणते असे विचारले तर मी स्पीकरचे किंवा टेपचे सांगणार नाही, दारांच्या डॅम्पिंगचे, म्हणजे पत्र्याची थरथर दाबण्याच्या कामाचे, सांगेन. नाना पेठेत रस्त्याकडेला हे काम उरकून देतो म्हणणारे होते, परंतु मी कोथरूडमधल्या एका छोट्या शेडमध्ये काम करणाऱ्या फिटरकडे गाडी नेली, कारण त्याने दर सांगण्याआधी दाराच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारून दाखवली. रिकामा डबा वाजावा तसा तो वाजला. "ह्यात पन्नास हजारांचा स्पीकर घाला नाहीतर पाच हजारांचा, सर, आधी दारच वाजणार," तो म्हणाला. त्याचे नाव सगळ्या शेडमध्ये बापू असल्याने मीही बापूच म्हणू लागलो.

दाराचे आतले पॅनल स्क्रू काढून आणि क्लिपा सोडवून निघाले. त्यामागे पातळ प्लास्टिकचा कागद, आणि तो सोलल्यावर आतल्या पत्र्यात हात जाईल एवढी मोठमोठी भोके. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेवढीच हवा मागेही ढकलतो. ती मागची हवा या भोकांतून पुढे आली की दोन्ही एकमेकींना मारतात आणि खालचे स्वर हरवतात. म्हणून ही भोके बंद करणे हे पत्रा जड करण्याइतकेच महत्त्वाचे. बापूने आधी सगळा पत्रा फडक्याने आणि सॉल्व्हंटने पुसला, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला ब्यूटाइल या चिकट रबराचे ॲल्युमिनिअम पाठीचे तुकडे चिकटवले आणि छोट्या लोखंडी रोलरने दाबत गेला. त्या फॉइलवर बारीक जाळी उमटवलेली असते. ती सपाट होईपर्यंत दाबायचे, म्हणजे तुकडा खऱ्या अर्थाने चिकटला. जिथे जाळी राहिली तिथे मी बोट दाखवी आणि तो न कुरकुरता पुन्हा रोलर फिरवी. मग आतल्या पत्र्याची भोके झाकली. दाराच्या अगदी तळाशी असलेल्या पाणी निघायच्या खाचा मात्र त्याने आधीच खडूने खुणा करून मोकळ्या ठेवल्या. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतेच. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्या खाचा बुजल्या तर दार आतून सडायला वेळ लागत नाही. त्याच कारणाने स्पीकरखालची एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, रिंग त्याने रंगवून, वाळवून मगच बसवली, कारण कोरी एमडीएफ ओली झाली की पावासारखी नाही तरी चांगलीच फुगते आणि तिचे स्क्रू सैल होतात.

वायर कापायची नाही, ही माझी एकच अट होती. टेपच्या मागे गाडीच्या मूळ सॉकेटला बसणारा कपलर मिळतो. त्याने पिवळी म्हणजे कायम वीज, लाल म्हणजे चावीवरची, काळी म्हणजे अर्थ, आणि स्पीकरच्या जोड्या आपापल्या जागी जातात. हा कपलर दोन-चारशे रुपयांचा, पण पुढे टेप बदलायचा किंवा गाडी विकायची झाली तर मूळ वायरिंग शाबूत राहते. शेवटी बापूने प्रत्येक स्पीकरच्या वायरीला दीड व्होल्टचा साधा सेल टेकवून पडदा कुठे सरकतो ते पाहिले. सेलचे धन टोक धन वायरीला लागल्यावर दोन्ही दारांचे पडदे बाहेर आले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत असेल तर गायक मध्यभागी उभाच राहत नाही आणि डग्गा गायब होतो. लोक मग त्याला स्पीकरचा दोष समजतात.

सेटिंगचे काम मी रविवारी सकाळी स्वतः केले. लाउडनेस बंद, बास वाढवणारी सगळी बटणे शून्यावर. हाय-पास आधी ८० हर्ट्झवर ठेवला तर आवाज स्वच्छ, पण डग्गा थोडा कोरडा. ६३ वर आणल्यावर तो भरला आणि मोठ्या आवाजालाही दार थरथरले नाही. मग मोजपट्टीने कानापासून स्पीकरचे अंतर मोजले. आपल्याकडे चालक उजवीकडे, त्यामुळे उजवा स्पीकर जवळ आणि डावा सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवा स्पीकर सव्वा मिलिसेकंदाहून थोडा जास्त उशिरा वाजायला हवा. तो आकडा भरताच उजव्या खांबाला चिकटलेला गायक काचेच्या मध्यभागी आला. हा फरक ऐकल्यावर घरातली स्क्रीनची मागणी बरीच मऊ झाली.

एक अडचण आलीच. गाडी सुरू असताना एफएमवर खरखर येई. अँटेना, अर्थ सगळे तपासून झाल्यावर फोनचा चार्जर सॉकेटमधून उपसला आणि १०१ एकदम निर्मळ वाजू लागले. स्वस्त चार्जरमधले सर्किट फार वेगाने चालू-बंद होत असते आणि त्याचा उपद्रव रेडिओच्या लहरींना होतो. चार्जर बदलला, प्रश्न मिटला. फिटरला दोष देण्याआधी हे पाहून घ्यावे.

हिशेब असा झाला: टेप नऊ हजार, स्पीकर सात, दोन दारांचे डॅम्पिंग साडेतीन, चौकट, कपलर, रिंगा आणि मजुरी मिळून तीन. साडेसात हजार उरले. सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर बापूने दुसऱ्या गाडीत ऐकवला. तो दहा हजारांच्या पुढे होता आणि पखवाजाला त्याने खरोखर वजन आणले, पण ख्यालाला त्याची उणीव मला भासली नाही. तरी पॅनल उघडे होते तोवर त्याच्या वायरीचा मार्ग बापूकडून पाहून ठेवला आहे, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावल्याशिवाय ती वायर टाकायची नाही हे त्यानेच बजावले. उरलेल्या पैशांतले काही विम्याला लागतील. कंपनीने न दिलेली विद्युत उपकरणे पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात आणि त्यांच्या किमतीवर चार टक्के जादा हप्ता पडतो. त्यासाठी जीएसटीची पक्की बिले जपून ठेवली असून येत्या नूतनीकरणाच्या वेळी ती एजंटकडे द्यायची आहेत.